बेळगावात मोठ्या माणसांसाठी मातीकामाचा, चित्रकलेचा क्लास आहे काय कुठं?

अनगोळचा_अण्णा
नमस्कार मंडळी. मी उद्यमबागला एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो, पंचेचाळिशी पार झालीय आणि हातानं काहीतरी करावं असं लई दिवसांपासून डोक्यात हाय. मातीकाम पहिलं, नाहीतर चित्रं, लाकूडकाम, काही चालेल. पण आपल्याकडं क्लास शोधायला गेलं की एकतर शाळेतली पोरं आणि ग्रेड परीक्षेची तयारी, नाहीतर ते एक दिवसाचं वर्कशॉप, दोन तासात एक वाटी करायची, फोटो काढायचा, चला घरी. एका ठिकाणी फोन केला तर पहिला प्रश्न, "बाळाचं वय किती?" म्हटलं सेहेचाळीस चालू हाय. तिकडनं फोन कट.

सर्टिफिकेट नको, परीक्षा नको, प्रदर्शन तर नकोच. सातनंतर किंवा रविवारी बसायला एक टेबल, विचारलं तर सांगणारं कोणतरी, आणि अर्धवट राहिलेलं काम तिथंच ठेवून पुढच्या आठवड्यात परत धरता आलं पाहिजे. मेव्हणा पुण्यात असल्या स्टुडिओत जातो, महिन्याची मेंबरशिप, चाक, भट्टी सगळं कॉमन. तसं इकडं काही हाय काय? बजेट महिना हजार-दीड हजार. घरी करायचं तर फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आणि आमच्या होम मिनिस्टरनी चिखल घरात येणार नाही म्हणून आधीच सांगून ठेवलंय.

खानापूरवाला
अण्णा, मातीकाम म्हणताय आणि खानापूरचं नाव नाही? इथं खादी ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट हाय की. आमच्याकडची लाल माती, कौलांचे कारखाने, कुंभार, सगळं जुनं. पण आधीच सांगतो, तिथलं ट्रेनिंग म्हणजे हा धंदा करणाऱ्या कारागिरांसाठी, तुमच्यासारख्या रविवारी येणाऱ्या माणसासाठी ते काढलेलं नाही. तरी एकदा बघून या, चाक कसं चालतं, माती कशी गाळतात, भट्टी कशी लावतात हे नुसतं बघितलं तरी पुढं क्लास निवडताना उपयोग होतो. बेळगावपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर, लोंढ्याकडं जाणारी पॅसेंजर पण मिळते. जायच्या आधी फोन करा, सरकारी संस्था, सुट्ट्या सगळ्या त्यांच्या. आणि कुंभाराकडं शिकायचं असेल तर शिकवा म्हणून विचारू नका, बसून बघू काय म्हणून विचारा. त्यांचा कामाचा दिवस असतो.

भट्टीवाली
मी बाहेरगावच्या एका स्टुडिओत काही वर्षं जात होते, आता बेळगावात. पुण्यासारखं इथं का नाही असं वाटत असेल तर कारण भट्टी आहे. चाक काय, जुनं सेकंडहँड पण मिळतं. इलेक्ट्रिक भट्टीला चांगलं मोठं कनेक्शन लागतं, शक्यतो थ्री फेज, कच्चं भांडं पहिल्यांदा साधारण नऊशे ते हजार डिग्रीला भाजायचं, स्टोनवेअरचं (दगडासारख्या टणक भांड्याचं) ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप असेल तर बाराशेच्या वर, आणि एक भाजणी म्हणजे आठ-दहा तास तापवायचं आणि पुढं निदान तितकाच वेळ गप बसायचं, घाईनं दार उघडलं की तडे. दोन वाट्यांसाठी ती लावणं परवडत नाही. भट्टी भरायला पंधरा-वीस माणसं नियमित भांडी करणारी पाहिजेत आणि मोठी माणसं नियमित येत नाहीत, म्हणून क्लासवाले पोरांकडं वळतात. पोरांची फी आईबाप वेळेवर भरतात, एवढंच आहे ते.

क्लास सापडलाच तर हे विचारा. भाजणीचे पैसे फीमध्ये धरलेत की वेगळे, वेगळे असतील तर वजनावर की नगावर, कारण खरा खर्च तिथं दडलेला असतो. अर्धवट काम ठेवायला मांडणी आहे का (प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तर आठवडाभर ओलं राहतं, पण जागाच नसेल तर काय करणार). शिकवणारे नसताना येऊन बसता येतं का, हे सगळ्यात महत्त्वाचं. ग्लेझमध्ये शिसं नाही ना, खायच्या भांड्यासाठी. आणि जागा कशी झाडतात ते डोळ्यांनी बघा. सुक्या मातीवर केरसुणी फिरवत असतील तर तिथं नका जाऊ, त्या धुळीत सिलिका असते, फुफ्फुसात जाते, ओल्या फडक्यानं पुसायला पाहिजे.

फ्लॅटमध्ये पण चाकाशिवाय होतं. एक फळी, त्यावर जाड कापड, माती कणकेसारखी मळून घ्यायची, चिमटीनं वाटी नाहीतर वळ्या करून एकावर एक चढवायच्या. सांधा जोडताना दोन्हीकडं ओरखडे मारून पातळ माती लावायची, नाहीतर वाळताना सुटतं. हात बेसिनमध्ये धुऊ नका, पाईप तुंबतो आणि मग होम मिनिस्टर बोलतील ते बरोबरच असेल. दोन बादल्या ठेवा, माती खाली बसू द्या, वरचं पाणी झाडांना. आणि पावसाळ्यात सुरू करू नका. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत तर भांडी कुठली. बाहेरून सुकलेलं दिसतं, आत ओल असते, भट्टीत त्याची वाफ होऊन भांडं फुटतं आणि शेजारच्याचं पण घेऊन जातं. लोक म्हणतात आत हवा राहिली म्हणून फुटलं, नव्वद टक्के वेळा ओल असते.

कॅम्पातला
हजार-दीड हजारात भट्टी?? अण्णा बिर्याणी खावा आणि झोपा 😄

वडगावची_अक्का
कॅम्पातल्याकडं लक्ष देऊ नका अण्णा. मी कशिदा, म्हणजे आपल्या धारवाडकडची कसुती शिकवते, पण क्लास असा नाही, आमच्या गल्लीत माझ्याच घरी गुरुवारी दुपारी बायका जमतात. आधी आमची पैशाची भिशी होती, त्यात कुणीतरी हप्ता चुकवायचं आणि भांडणं, मग म्हटलं पैशाची बंद करूया आणि सामानाची करूया. दर महिन्याला सगळ्यांनी थोडे पैसे काढायचे आणि एकीनं दोरे, कापड, सुया, फ्रेम घेऊन यायचं, सामान सगळ्यांचं. तुम्हाला मातीचं पण असं करता येईल बघा, ती भट्टीवाली म्हणते तसं पंधरा माणसं जमवायची तर भिशीसारखंच जमवायला लागतील, मेंबरशिप म्हटलं की आपली माणसं पळतात.

कशिद्याचं सांगते, कारण सुरू करायला एवढं स्वस्त दुसरं काही नाही. गावंती, मुरगी, नेयगे, मेंथे असे चार टाके. गावंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसायला पाहिजेत, मागं गाठ नाही, आणि कापडावर पेन्सिलनं काढून घ्यायचं नाही, धागे मोजत जायचं. गोपुर, तुळशी वृंदावन, पालखी, हत्ती सगळं मोजून. पहिल्यांदा मॅटी कापडावर करा, धागे दिसतात, इरकल साडीवर एकदम गेलात तर डोळ्यांचं पाणी निघेल. जुन्या बायका काळ्या चंद्रकळेवर करायच्या ते कसं करायच्या देव जाणे, तेही कंदिलात. धारवाडकडच्या दोघी येतात त्या कन्नड बोलतात, आम्ही मराठी, मोजणी दोन्हीत चालते. पुरुष नाहीत असं नाही हां, एक रिटायर पोस्टमन काका येतात, त्यांची मुरगी आमच्यापेक्षा सरळ.

रविवारचा_स्केचवाला
माझं मत जरा वेगळं हाय. स्टुडिओ, मेंबरशिप, मांडणी, हे सगळं झाल्यावरच सुरू करणार म्हटलात तर होणारच नाही. बेळगावात चित्रकला कायम एखाद्या सरांभोवती बसून शिकली गेली. के. बी. कुलकर्णी सरांचं चित्रमंदिर घ्या, रवी परांजपे आपल्या बेळगावचे, ते तिथंच शिकले. अजूनही गावात जुने ड्रॉइंग मास्तर हायत, रिटायर झालेले, शाळेच्या पोरांना शिकवून कंटाळलेले. मोठा माणूस येतो म्हटल्यावर त्यांना बरंच वाटतं. चौघं मिळून जावा आणि रविवारी दोन तास द्या म्हणा.

आम्ही काही जण रविवारी सकाळी बाहेर बसतो. किल्ल्यात कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, 1204 सालचं, रट्ट राजांच्या वेळचं, तिथले खांब आणि छतातलं दगडी कमळ काढायला बसलं की सकाळ कुठं गेली कळत नाही. खांब सोपे वाटतात, पण कडा गोल फिरतात तिथं सगळे चुकतात. फक्त किल्ल्यात लष्कराचा भाग हाय, तिकडं तोंड करून वही उघडू नका, उगाच प्रश्न नकोत. कधी राजहंसगडला जातो, कधी नुसतं स्टेशनवर. खर्च वही आणि पेन्सिल.

भट्टीवाली
स्केचवाले, चित्राचं तुमचं बरोबर आहे, पण मातीला जागा लागतेच. वही बॅगेत जाते, ओलं भांडं जात नाही.

रविवारचा_स्केचवाला
मान्य. पण तोपर्यंत बसून राहू नये एवढंच म्हणणं. भांडं करणाऱ्याला पण आकार बघता आला पाहिजे.

खानापूरवाला
अजून एक राहिलं. अनगोळला तुमच्या आसपास मूर्तिकार असतीलच. शाडू ते भाजत नाहीत, वाळवून रंगवतात, पण हात बसायला त्यांच्यासारखी शाळा नाही. मात्र आता जाऊ नका, गणपती होईपर्यंत त्यांना पाणी प्यायला वेळ नसतो. विसर्जनानंतर जावा, तेव्हा निवांत असतात आणि उरलेली माती पण देतात.

अनगोळचा_अण्णा
एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. भट्टीवाली ताई, ओलीचं तुम्ही सांगितलं ते बरं झालं, मी ह्याच महिन्यात माती आणणार होतो. तर आता असं ठरवलंय, गणपतीपर्यंत स्केचवाल्यांबरोबर रविवारी बसतो (किती वाजता आणि कुठल्या गेटजवळ ते सांगा, वही कुठली घेऊ ते पण), नंतर एका शनिवारी रजा टाकून खानापूर, आणि दिवाळीनंतर मातीची भिशी. अक्का, तुमचा हिशोब कसा लिहून ठेवता तेवढं सांगा, बाकी अकाउंट्स माझ्याकडं. हप्ता चुकवणाऱ्याचं नाव मी लाल शाईत लिहीन. पण भाजायचं कुठं? कुणाकडं भट्टी हाय काय, नाहीतर जागा तरी?

भट्टीवाली
आमच्याकडं हिंदवाडीत गच्चीवर पत्र्याची शेड आहे, थ्री फेज खालपर्यंत आलंय. छोटी सेकंडहँड भट्टी बसेल. पण घर सासऱ्यांच्या नावावर आणि शेडमध्ये त्यांचे नारळ आणि जुने पेपर. विचारून सोमवारी सांगते. तोपर्यंत कोण कोण येणार ते इथं खाली लिहा, नुसतं "इंटरेस्टेड" नको, आठवड्यातला कुठला वार जमेल ते लिहा.

कॅम्पातला
बुधवार. हसू नका.