मार्टिन्स बीचची वाट कोणाची?

दर्यावर्दी
कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खालच्या हाफ मून बे गावाच्या दक्षिणेला, किनाऱ्याच्या हायवे वनपासून खाली मार्टिन्स बीच आहे. दोन्ही बाजूंना कडे, उतरायला एकच रस्ता. अब्जाधीश गुंतवणूकदार विनोद खोसला (जन्म पुण्याचा, म्हणून आपल्या मंडळींत हा विषय नेहमी निघतो) यांनी २००८ मध्ये ही जागा ३ कोटी २५ लाख डॉलरला घेतली आणि २०१० मध्ये फाटक बंद झालं. आधीचे मालक पार्किंगचे पैसे घेऊन सगळ्यांना सोडत. उन्हाळ्यात लोक तिथे जाळी घेऊन स्मेल्ट नावाचे छोटे मासे धरत, पोरं पाण्यात सर्फिंगच्या फळ्या टाकत.

कॅलिफोर्नियात भरतीरेषेखालची ओली वाळू जनतेची आहे. पण तिथवर पोचायची वाटच अडवली तर तो हक्क घेऊन करायचं काय? माझं मत सरळ आहे : असा रस्ता बंद करता येता कामा नये, जमीन कोणाचीही असो.

कायदेकानू
भावना समजते, पण पार्किंगचे पैसे देऊन जात होतात म्हणजे मालकाच्या परवानगीने जात होतात. आपल्याकडेसुद्धा परवानगीने वापरलेल्या रस्त्यावर वहिवाटीचा हक्क लागत नाही. २०१९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हेच कारण देऊन रस्ता जनतेला अर्पण झालेला नाही असं ठरवलं. सरकारला रस्ता हवा असेल तर रीतसर मोबदला देऊन घ्यावा. आज त्यांचं फाटक, उद्या तुमच्या अंगणातली पायवाट.

दर्यावर्दी
तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. किनारे जपणाऱ्या सर्फरायडर फाउंडेशन या संस्थेच्या वेगळ्या दाव्यात कोर्टाने म्हटलं की फाटक लावून लोकांची ये-जा थांबवणं हेही राज्याच्या १९७६ च्या कोस्टल ॲक्टखाली (किनारा कायद्याखाली) 'विकास' ठरतं आणि त्याला परवाना लागतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अपील ऐकायलाच नकार दिला.

आणि मोबदल्याचं म्हणाल, तर राज्याच्या जमीन आयोगाशी बोलणी झाली तेव्हा फक्त वाटेच्या हक्कासाठी ३ कोटी डॉलरच्या आसपास मागितले गेले. अख्ख्या जागेची खरेदी किंमत वर दिलीच आहे. ही काय रीत झाली?

मॉस बीचची माई
मी याच किनाऱ्यावर राहते. खोसलांशी मला देणंघेणं नाही, पण 'उघडा, उघडा' म्हणणाऱ्यांनी रविवारी दुपारी इकडे येणाऱ्या हायवे ९२ वर येऊन बघावं. ऑक्टोबरात भोपळ्यांच्या मोसमात तर गाडी हलतच नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर लाइफगार्ड नाहीत. हिवाळ्यात शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट वर चढते आणि कडेला फोटो काढत उभ्या असलेल्या माणसाला ओढून नेते. वाट उघडायची तर संडास, कचऱ्याचे डबे, धोक्याच्या पाट्या, हे सगळं कोण करणार ते आधी ठरवा.

फळीवाला
माई, व्यवस्था हवीच, शंभर टक्के. पण गर्दीचं कारण पुढे करून दार लावायची सवय वाईट, आणि ती फक्त श्रीमंतांना नाही. मी सर्फ करतो म्हणून आमच्याच लोकांबद्दल बोलतो. लॉस एंजेलिसजवळ लुनाडा बे इथे स्थानिक सर्फरांच्या टोळीने बाहेरच्यांना वर्षानुवर्षं पिटाळलं. दगड मारायचे, टायर फोडायचे. खाली त्यांनी दगडांचा अड्डा बांधला होता, तो २०१६ मध्ये पाडावा लागला. 'आमचा किनारा' म्हणत सुरुवात झाली की हे असं होतं.

पाखाडीकर
कोकणातून लिहितोय. आमच्याकडे पुळण सरकारी, पण पुढच्या वाड्या विकल्या गेल्या की कुंपणं पडतात आणि माणूस जेमतेम जाईल एवढी बोळ उरते. जाळ्याची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला त्यातून आडवं होऊन जावं लागतं. त्यामुळे कायदेकानूंचं 'मोबदला द्या' मला पटत नाही. विकत घेताना वाट दिसतच होती ना?

कायदेकानू
दिसत होती, म्हणूनच कागदावर नोंदवून घ्यायला हवी होती. लॉस एंजेलिसजवळच्या मालिबूत कार्बन बीचवर हॉलिवूडचे निर्माते डेव्हिड गेफन यांच्याकडून १९८३ मध्येच बांधकामाच्या बदल्यात वाट लिहून घेतली होती. नोंद असेल तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. नसेल तर योग्य मोल द्या, ते ३ कोटी नसेल हे मला मान्य.

दर्यावर्दी
गेफन यांची वाट उघडली २००५ मध्ये. लिहून घेतल्यावरही २२ वर्षं गेली. नोंदीच्या भरवशावर मी थांबणार नाही.