फ्रान्समधील कालव्यांच्या काठाने, मोटारींपासून दूर: रोड सायकलसाठी कोणता कालवा निवडावा?

वाटसरू:

नमस्कार. येत्या मे महिन्यात फ्रान्समध्ये आठवडाभर सायकलप्रवास करण्याचा माझा विचार आहे. माझी सायकल डांबरी रस्त्यासाठीची आहे. तिला २८ मिलिमीटरचे टायर आहेत आणि त्याहून रुंद टायर तिच्या चौकटीत मावत नाहीत. मोटारींच्या गर्दीतून जीव मुठीत धरून सायकल चालवण्याची इच्छा आता उरलेली नाही, म्हणून कालव्याकाठच्या वाटांकडे मन वळले आहे. वाटेत जुनी गावे, मठ आणि पूल सवडीने पाहता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. चौकशी करावी तिथे दक्षिण फ्रान्समधल्या मिदी कालव्याचेच नाव पुढे येते, परंतु त्याच्या काठची वाट अशा सायकलला झेपेल का? शिवाय दिवसभर सपाटीवरून जाताना कंटाळा येतो काय, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

काठोकाठ:

मिदी कालवा पाहण्यासारखा आहे यात वाद नाही, परंतु २८ मिलिमीटरच्या टायरवर तो संपूर्ण करण्याचा बेत आपण सोडून द्यावा. कालव्याची निवड त्याच्या कीर्तीवरून न करता काठावरच्या वाटेची जात पाहून करावी, असे माझे ठाम मत आहे. तुलूझ शहरापासून नोरूझच्या खिंडीपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर उत्तम डांबरी आहेत. तिथून पुढे भूमध्य समुद्राकडे जाताना मात्र वाट बऱ्याच ठिकाणी मातीची किंवा बारीक खडीची होते, प्लेन वृक्षांची मुळे तिच्यावर आडवी येतात आणि पावसानंतर अरुंद टायर चिखलात रुततात. या कालव्यावर सुमारे ४२ हजार प्लेन वृक्ष होते. २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीचा असाध्य रोग आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडे तोडावी लागली. नवी लागवड चालू आहे, पण कित्येक टप्प्यांत पूर्वीची सावली आता नाही, हेही लक्षात ठेवावे.

नोरूझपर्यंतचा डांबरी टप्पा मात्र अवश्य करावा. खिंड समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर आहे आणि तुलूझपासून तिथवर एकूण चढ जेमतेम साठेक मीटरचा भरतो. माथ्यावर पाण्याची सोय नसेल तर दोन्ही अंगांना उतरणारा कालवा कोरडाच पडणार, हा कालवा बांधण्यातला खरा पेच होता. त्याचे निर्माते पिएर-पोल रिके यांनी काळ्या डोंगरातले ओढे वळवले, सें-फेरेओलचा मोठा जलाशय बांधला आणि ते पाणी पाटाने नोरूझपर्यंत आणले. चौदाव्या लुईच्या आज्ञेने १६६६ मध्ये सुरू झालेले काम १६८१ मध्ये पुरे झाले. रिके त्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये वारले. नोरूझला त्या पाटाच्या काठी थोडा वेळ थांबा. डोंगरातून आलेले तेच पाणी तिथे एका अंगाने अटलांटिककडे आणि दुसऱ्या अंगाने भूमध्य समुद्राकडे निघते, आणि एवढा मोठा कालवा एवढ्याशा प्रवाहाच्या आधाराने साडेतीनशे वर्षे चालला आहे हे पाहून रिके यांच्याविषयी आदर दुणावतो.

आपला मुख्य प्रवास मात्र तुलूझच्या दुसऱ्या बाजूला सुरू होणाऱ्या गारोनच्या कालव्यावर करावा. १८५६ मध्ये पूर्ण झालेला हा कालवा कास्ते-आं-दोर्तपर्यंत १९३ किलोमीटर जातो, आणि त्याच्या काठची वाट जवळजवळ संपूर्ण डांबरी असून मोटारींना बंद आहे. कालव्याची देखभाल करणाऱ्यांची एखादी गाडी अधूनमधून समोर येते, तेवढीच. कास्तेपासून लहान रस्त्यांनी सोव्हतेर-द-ग्वियेन गाठले की तिथून बोर्दोच्या दिशेने जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट मिळते. १९३७ ची तूर द फ्रान्स ही सायकलशर्यत जिंकणारे रोजे लापेबी यांचे नाव तिला दिलेले आहे. वाटेत क्रेओंजवळ अकराव्या शतकात स्थापन झालेल्या ला सोव्ह-माजर मठाचे भग्नावशेष आहेत. त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

जुनेवाडे:

काठोकाठ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. गारोनच्या काठी काय पाहावे, याची थोडी भर घालतो.

मोआसाकला मुक्काम करावाच. तिथल्या मठाची सन ११०० मधली चौकोनी ओवरी फ्रान्समधल्या सर्वांत सुंदर वास्तूंपैकी एक आहे. तिच्या ७६ स्तंभशीर्षांपैकी बरीचशी बायबलमधल्या आणि संतांच्या कथांनी कोरलेली आहेत, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांतली एकेक आकृती वाचता येते. एकोणिसाव्या शतकात बोर्दो-सेत रेल्वेमार्ग टाकताना मठाची भोजनशाला पाडण्यात आली आणि ओवरी थोडक्यात वाचली. त्याच रेल्वेने पुढे कालव्यावरची मालवाहतूकही हिरावून घेतली. सायकलस्वाराला मात्र तिचा उपयोग फार मोठा आहे, कारण मोंतोबाँ, मोआसाक, आजाँ, मार्मांद अशी स्थानके कालव्यापासून फार दूर नाहीत आणि पाऊस लागला किंवा पाय थकले तर सायकलसह गाडीत बसता येते.

आजाँला कालवा २३ कमानींच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो आणि त्या पुलावरून सायकलही नेता येते. एका हाताला कठड्यापलीकडे खाली नदी आणि दुसऱ्या हाताला हँडलच्या जवळून बोटी जाणारे पाणी, असा हा अर्ध्या किलोमीटरहून लांब प्रवास असतो. वाट अरुंद आहे, त्यामुळे समोरून पायी येणाऱ्यांसाठी उतरून उभे राहावे.

मोंतेशची पाण्याची घसरगुंडी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिथे कालवा पाच लॉकने, म्हणजे बोटी वरखाली नेणाऱ्या पाच दरवाजेबंद हौदांनी, चढतो. त्यांना पर्याय म्हणून १९७४ मध्ये तीन टक्के चढाची काँक्रीटची पन्हळ बांधली गेली. पन्हळीच्या दोन्ही बाजूंनी चालणारी दोन अवजड इंजिने एका आडव्या फळीने पाण्याचा तिकोनी साठा पुढे रेटत आणि त्या साठ्यावर तरंगणारी बोट पाण्यासकट वर जाई. २००९ पासून ही यंत्रणा बंद आहे, पण जागा पाहता येते आणि फळी, रबरी चाके, पन्हळ हे सारे डोळ्यांसमोर असल्यामुळे तिचे काम तिथेच उमगते.

उलटावारा:

कंटाळ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. सलग तीन दिवस केवळ काठाने गेलात तर कंटाळा येईल, हे आपण गृहीत धरावे. पाण्याची सरळ रेघ, झाडांची सरळ रांग आणि उतार नसल्यामुळे पायांना क्षणाचीही उसंत नाही, हे शरीराला आणि मनालाही जाणवते. दर लॉकपाशी येणारी छोटीशी चढण तेवढी आसनावरून उठायला लावते. शिवाय जुनी गावे बहुधा टेकड्यांवर वसलेली आहेत आणि कालवा त्यांच्या पायथ्याने निघून जातो. म्हणून रोज दोन तास तरी कालवा सोडून आतल्या जिल्हामार्गांवर जावे. ओव्हिलार हे गोल धान्यबाजार असलेले टेकडीवरचे गाव त्यासाठी उत्तम आहे. असे आतले रस्ते कामकाजाच्या दिवशीही बव्हंशी मोकळे असतात आणि आपल्या सायकलला शोभणारा चढउतार तिथेच मिळतो. माझ्या दृष्टीने कालवा हा अशा प्रवासाचा कणा आहे, प्रवास त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला असावा.

दिशेचाही विचार करावा. गारोनच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा अधिक असतो, त्यामुळे बोर्दोकडून तुलूझकडे येणे सोयीचे पडते. तुलूझच्या पूर्वेला मात्र ओतां नावाचा आग्नेयेचा वारा सुटला की नोरूझकडे जाणे अवघड होते. त्या दिवशी आगगाडीने पुढे जाऊन सायकलने परत यावे. घंटी कायद्याने आवश्यक आहे आणि पायी चालणाऱ्यांच्या मागून जाताना ती दुरूनच वाजवावी.

वाटसरू:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोर्दो ते तुलूझ आणि पुढे नोरूझ, असे आता ठरवतो. मार्गाच्या शेवटी दोन-तीन दिवस उरले तर बर्गंडीत जाण्यात अर्थ आहे का?

काठोकाठ:

निश्चितच आहे, मात्र तिथेही निकष तोच ठेवावा. बर्गंडीचा कालवा २४२ किलोमीटरचा आणि तब्बल १८९ लॉकचा आहे. त्याच्या काठी डांबर आणि खडी यांची सरमिसळ आहे, त्यामुळे तो सलग करण्याऐवजी त्यातले निवडक टप्पे करावेत. मोंबारला उतरून सुमारे सहा किलोमीटर आत गेले की १११८ मध्ये स्थापन झालेला फोंतनेचा सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाचा मठ लागतो. दगडी भिंती, वाहते पाणी आणि मठवासीयांची लोहारशाळा असे सारे एका आवारात टिकून राहिलेले फार क्वचित पाहायला मिळते.

२८ मिलिमीटरच्या टायरवर निर्धास्त दोन दिवस हवे असतील तर जिव्री ते क्लुनी ही वाट घ्यावी. ती कालव्याची नसून बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची आहे. १९९७ मध्ये खुली झालेली ही वाट, फ्रान्समधली अशा प्रकारची पहिली, ४४ किलोमीटर डांबरी आहे आणि द्राक्षमळ्यांमधून थेट क्लुनीच्या मठापाशी आणून सोडते. क्लुनीहून माकोंकडे पुढे जाताना ब्वा-क्लेरचा दीड किलोमीटरहून लांब जुना रेल्वेबोगदा लागतो. वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात, पण मे महिन्यात तो खुला असतो, तेव्हा खिंडीचा चढ चढायचा की बोगद्यातून जायचे हे आपण त्या दिवशी पायांना विचारून ठरवू शकाल. बोगद्यात गारवा बराच असतो, म्हणून अंगात घालायला काहीतरी वरच्या पिशवीत ठेवा.