मदत हवी आहे: पोलीस अहवाल प्रतिकूल, संचित रजेवर (फर्लो, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मिळणारी ठरावीक सुट्टी) राहण्याचा पत्ता बदलता येतो का?

एका शिक्षाबंदीच्या घरच्यांसाठी विचारतोय. महाराष्ट्रातली केस, १९५९ चे फर्लो-पॅरोल नियम. संचित रजेचा (फर्लो) अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत उपमहानिरीक्षकांकडे गेला. जामीनदार सख्खा भाऊ, कागद पूर्ण. पण स्थानिक ठाण्याने लिहिलं, 'फिर्यादी त्याच गावात, शांतता भंगाची शक्यता', आणि अर्ज नामंजूर. अनेक अर्ज इथेच अडकतात.

बहीण दुसऱ्या जिल्ह्यात राहते, जामीन राहायला तयार आहे. तिचा पत्ता देऊन नव्याने अर्ज करावा की आधी अपील? नव्या अर्जात चौकशी फक्त तिच्या ठाण्याकडे जाते की जुन्या ठाण्यालाही विचारतात? थेट उच्च न्यायालयात रिट कुणी केली असल्यास किती दिवस लागले?

कृपया अभिवचन रजा (पॅरोल) सुचवू नका. घरात आजारपण वगैरे कारण नाही, शिवाय ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, फर्लोचे धरतात. परिवीक्षा (प्रोबेशन) तर वेगळीच गोष्ट, ती दोषी ठरवल्यावर शिक्षा सुनावण्याऐवजी न्यायालय देतं.

नामंजुरीच्या आदेशाची प्रत अजून हातात नाही. ती घरच्यांना मिळते, की बंदीनेच आतून मागायची?