नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ की ‘नाही’? आपले अनुभव लिहा

‘तुम्ही उद्या येणार नाही ना?’ या प्रश्नाला नुसते ‘हो’ असे उत्तर आले, तर काही भाषांत ‘बरोबर, मी येणार नाही’ असा त्याचा अर्थ होतो आणि काही भाषांत ‘येणार आहे’ असा. पहिल्या रीतीत उत्तर विचारणाऱ्याच्या वाक्याला दिले जाते, दुसरीत प्रत्यक्ष गोष्टीला. मराठीत दोन्ही रीती नांदतात : ‘भाजीवाला आला नाही वाटते?’ याला आपण ‘हो ना, आलाच नाही’ म्हणतो, पण ‘भाजीवाला आला नाही का?’ याला ‘नाही, आला नाही’ असे उत्तर देतो. ज्यांचा परभाषांशी रोजचा संबंध आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

नागोयाहून :
जपानी ‘हाई’ हा समोरच्याच्या वाक्याला दिलेला दुजोरा असतो. ‘फाइल अजून आली नाही का?’ असे सहकाऱ्याला विचारल्यावर ‘हाई’ असे उत्तर मिळाले, तर फाइल आलेली नाही असे समजावे. आपल्या ‘हो ना’ची सवय असल्यामुळे मला हे लवकर अंगवळणी पडले, सोबतच्या इंग्रजीभाषक अभियंत्यांना मात्र ते बरेच दिवस जड गेले. खरी अडचण पुढे येते. ‘इकिमासेन का’ हे वाक्य रूपाने नकारार्थी असले, तरी पुष्कळदा ते ‘येता का, जाऊ या’ असे आमंत्रण असते आणि तेथे ‘हाई’ म्हणजे सरळ होकार. शिवाय आपण बोलत असताना ऐकणारा अधूनमधून जे ‘हाई’ म्हणतो, त्यातून तो लक्ष देऊन ऐकत आहे एवढेच कळते. ती संमती मानून कामाला लागू नये.

म्युनिकहून :
जर्मनमध्ये या प्रसंगासाठी ‘डॉख’ हा स्वतंत्र शब्द आहे. ‘तू गृहपाठ केला नाहीस?’ असे विचारताच माझी मुलगी ‘डॉख!’ म्हणते, म्हणजे केला आहे. फ्रेंचमध्ये हेच काम ‘सी’ करतो. घरी मराठीत तोच प्रश्न विचारला, की ती ‘केला की!’ असे उत्तर देते, आणि आपल्या या ‘की’चे सामर्थ्य मला जर्मन शिकल्यानंतरच उमगले.

कोल्हापूरहून, इंग्रजीच्या अध्यापिका :
जुन्या इंग्रजीतही अशी सोय होती. साध्या प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’, तर नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’ असे उत्तर देण्याची रीत होती. विल्यम टिंडेल यांनी बायबलच्या भाषांतरात हा भेद पाळला नाही, म्हणून टॉमस मोर यांनी 1532 मध्ये त्यांच्यावर टीका केली होती. हा भेद पुढे लोपला, याची मला खंत वाटते.

मँचेस्टरहून, परिचारिका :
शस्त्रक्रियेपूर्वी ‘तुम्हाला कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही ना?’ असे मी कधीही विचारत नाही, कारण दक्षिण आशियातून आलेल्या वयस्क रुग्णाच्या ‘येस’चा अर्थ दोन्हीकडे लागू शकतो. ‘कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते?’ असे विचारले, की रुग्ण औषधाचे नाव सांगतो किंवा ‘कशानेच नाही’ म्हणतो. नव्या सहकाऱ्यांनाही मी हेच आवर्जून सांगते.

पणजीहून :
पोर्तुगीजमध्ये ‘जेवला नाहीस?’ याला ‘जेवलो’ असे क्रियापदानेच उत्तर देण्याची रीत आहे. आमच्या कोंकणीतही ‘तूं जेवूंक ना?’ असे विचारले, तर ‘जेवलां’ एवढे म्हटले की पुरते.