पेंटियम 4 चं नाव 2.4 चं, चालतोय 1.6 वर: एफएसबी नेमका किती?

सॉकेट 478 चा जुना डेस्कटॉप, विंडोज एक्सपी. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘पेंटियम 4 सीपीयू 2.40 गिगाहर्ट्झ’ आणि लगेच खाली ‘1.60 गिगाहर्ट्झ’. बायोसमध्येही (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) 1.6 च. चिपसेट (प्रोसेसरला मेमरी आणि इतर भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप) इंटेल 845पीई. प्रोसेसरचा एफएसबी (प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या बसचा, म्हणजे डेटा-मार्गाचा वेग) 400, 533 की 800? हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा धातूचा भाग) न काढता कळेल का?

प्रतिसाद 1
कळेल. वरची ओळ म्हणजे प्रोसेसरमध्ये कायमचं भरलेलं नाव. खरा वेग खालचा. मल्टिप्लायर (मूळ क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) लॉक असतो, त्यामुळे भागाकारच सगळं सांगतो. साधा 2.4 म्हणजे 24×100, 2.4बी म्हणजे 18×133, 2.4सी म्हणजे 12×200. (बस एका क्लॉकला चारदा डेटा नेते, म्हणून हेच 400, 533, 800.) तुमचा 1.6 फक्त 12×133 ने जुळतो. 2.4बी चुकून 100 वर चालला असता तर 1.8 दिसला असता. तेव्हा हा 2.4सी, एफएसबी 800. 845पीई 533 च्या वर जात नाही, तिथे तो अडकलाय.

प्रतिसाद 2
स्पीडस्टेपने (वीज वाचवायला वेग आपोआप कमी करणाऱ्या सोयीने) वेग उतरला नसेल ना?

प्रतिसाद 1
नाही, डेस्कटॉपच्या नॉर्थवुडला (या पिढीच्या पेंटियम 4 चं सांकेतिक नाव) स्पीडस्टेपच नाही. खात्रीसाठी सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवा: मल्टिप्लायर 12, एल2 (प्रोसेसरमधली कॅश मेमरी) 512 केबी दिसायला हवं. तिथल्या ‘रेटेड एफएसबी’ला मात्र फसू नका. ती प्रोसेसरची क्षमता नव्हे, आत्ताच्या क्लॉकची चौपट आहे. तुमच्याकडे 533 च दाखवेल.

प्रतिसाद 3
डोळ्यांनी बघायचंच असेल तर प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर वेग/कॅश/एफएसबी असा क्रम छापलेला असतो, 2.4/512/800. सोबत एसएल ने सुरू होणारा पाच अक्षरी कोड. एसएल6डब्ल्यूएफ असेल तर 2.4सी नक्की. पण थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढू नका. मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून चिकटलेली असते, लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा, हीटसिंक डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावायची.

प्रश्नकर्ता
सीपीयू-झेडमध्ये 12 च आलं. बायोसमध्ये क्लॉक 200 करून चालेल?

प्रतिसाद 1
पीसीआय-एजीपी (जोड-कार्डं आणि ग्राफिक्स कार्डाचे मार्ग) क्लॉक लॉक करायची सोय बायोसमध्ये नसेल तर मुळीच नको. चारचा डिव्हायडर (मूळ क्लॉकला भागणारा आकडा) राहिला तर पीसीआय 33 ऐवजी 50 वर जातो आणि हार्ड डिस्कवरचा डेटा बिघडू शकतो. बोर्ड हाच ठेवायचा असेल तर 533 चा प्रोसेसर घाला, 2.8 चा 21×133 वर पूर्ण वेगाने चालेल, फक्त बोर्डाच्या सपोर्ट यादीत तो आहे का आणि बायोस कोणत्या आवृत्तीचा लागतो ते आधी बघा. 2.4सी च वापरायचा तर 848पी, 865पीई किंवा 875पी चा बोर्ड आणि डीडीआर400 रॅम.