मदत हवी आहे: स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये स्टर्जन मासे वाढवायचेत

डोंगरातल्या तळ्यातून मोठ्या मुश्किलीने एक स्टर्जन पकडला आणि शेतावरच्या फिश पाँडमध्ये सोडला. आता पाँड हिरा मागतोय. तो दिल्याशिवाय दुसरा मासा टाकता येत नाही. हिरा एकच आहे आणि म्युझियमलाही तो अजून दिलेला नाही. हिवाळा संपत आलाय, नंतर स्टर्जन थेट उन्हाळ्यात, तेही संध्याकाळी 7 पर्यंतच. माझ्या फायबरग्लास रॉडला (गळाला) टॅकल, म्हणजे मासा पकडणं सोपं करणारी जोडणी, लावता येत नाही, नुसतं आमिष लावून मासा सारखा निसटतो. मोबाइलवर खेळते, मॉड (गेममध्ये बाहेरून केलेले बदल) नको. स्टर्जनच्या अंड्यांपासून बनणारं कॅव्हिअर लवकर हवंय हो!

हिरा पाँडला दिल्यावर मासे आपोआप वाढू द्यावेत, की टॅकल लावता येणारा इरिडियम रॉड घेऊन हिवाळ्यातच आणखी पकडून टाकावेत? रॉड घेतला, तर स्टर्जनसाठी टॅकल म्हणून ट्रॅप बॉबर बरा की कॉर्क बॉबर?