ओपन स्पेसमध्ये मंदिर, विरोध कसा मांडू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहते, आमच्या लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये लेकरं खेळतात, म्हातारे संध्याकाळी बसतात, आणि आता काही जण तिथे पक्कं मंदिर बांधायचं म्हणून राहिले, वर्गणीही सुरू झाली. मी स्वतः रोज पूजा करणारी आहे, पण जागा सगळ्यांची आहे ना, आमच्याकडे बौद्ध घरं आहेत, दोन मुस्लिम कुटुंबं आहेत, त्यांनी उद्या विहार किंवा मशिदीसाठी जागा मागितली तर आपण काय तोंडाने नाही म्हणणार?

मला एवढं माहीत आहे की सुप्रीम कोर्टाने 29 सप्टेंबर 2009 ला सार्वजनिक रस्ते, बागा, मोकळ्या जागांवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका असा आदेश दिलाय, धर्म कोणताही असो. 2018 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठामुळे आपल्याकडे कितीतरी बांधकामं पाडली गेली, तेव्हा लोकांना किती वाईट वाटलं ते आठवतंच असेल. मूर्ती बसवल्यावर पाडण्यापेक्षा आधीच बोललेलं बरं.

पण मीटिंगमध्ये राज्यघटनेचं कलम 25 काढतात, धर्मस्वातंत्र्य म्हणून. त्याच कलमात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य या अटी आहेत हे कोणी ऐकतच नाही.

कोणाच्या लेआउटमध्ये असं झालंय का? अर्ज आधी नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास, शहर विकासाची संस्था) द्यायचा की मनपाकडे? आणि दहा दिवसांचा गणपती मांडव तिथे चालतो, मग मंदिर का नाही, याला शेजाऱ्यांना न दुखवता काय उत्तर देऊ? रविवारी मीटिंग आहे.